‘त्याच्या मरणानं जाऊ दे’ म्हणणाऱ्यांना

घरातलं म्हातारं कुत्रं किंवा मांजर शेवटच्या आजारात पडलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘त्याला त्याच्या मरणानं जाऊ दे.’ शेजारचे काका म्हणतात, आत्या फोनवर म्हणते, आणि ज्यांनी आजवर लिफ्टमध्ये त्या कुत्र्याला पाहून नाकाला रुमाल लावला तेसुद्धा म्हणतात. वाक्य छान आहे. त्यात वैराग्य आहे, थोडं अध्यात्म आहे, आणि बोलणाऱ्याला त्याचे काही पैसे पडत नाहीत. ज्याला पडतात त्याला बोलता येत नाही. मला या वाक्याशी भांडायचं आहे.

सुरुवात ‘त्याच्या’ या शब्दापासून. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुत्र्याचं ‘त्याचं’ असं असतं काय? त्यानं जन्माला यावं की नाही हे कुणा ब्रीडरनं ठरवलेलं असतं, आणि रस्त्यावरचं पिल्लू असेल तर पाचांतलं कुठलं उचलायचं हे आपण. नाव आपण ठेवतो. नसबंदी आपण करतो, त्याला न विचारता. जेवण किती वाजता, किती ग्रॅम, कुठल्या कंपनीचं, हे आपलं. शू-शीची वेळसुद्धा त्याची नसते, ती आपल्या मीटिंगनंतरची असते. गच्चीवरच्या मांजराला वर्षभरात दोनदा पिशवीत कोंबून लस टोचून आणतो, तेव्हा त्याच्या स्वातंत्र्याबद्दल आपण अवाक्षर काढत नाही. 12-13 वर्षं एकही मोठा निर्णय त्याला घेऊ द्यायचा नाही, आणि सगळ्यांत अवघड निर्णय समोर आला की ‘त्याचं मरण त्याला ठरवू दे’ म्हणून हात वर करायचे. याला आदर म्हणत नाहीत. याला अंग काढून घेणं म्हणतात.

दुसरा शब्द वाक्यात उच्चारलेला नसतो, पण असतोच: नैसर्गिक. आमच्याकडचा बंड्या गावठी होता, 13 वर्षं जगला. पिल्लू असताना त्याला पार्व्हो झाला, चार दिवस सलाइनवर होता. 5 वर्षांचा असताना गोचीड ताप आला, प्लेटलेट्स इतक्या उतरल्या की हिरड्यांतून रक्त यायचं. पुढे एकदा त्यानं माझा पायमोजा गिळला आणि पोट उघडावं लागलं. म्हणजे निसर्ग तीनदा दारापर्यंत येऊन गेला होता आणि तिन्ही वेळा आम्ही डॉक्टरांना पुढे करून त्याला परत पाठवलं. तेव्हा कुणी म्हणालं नाही की अरे, जाऊ दे त्याच्या मरणानं. उलट ‘वाचला बिचारा’ म्हणून आईनं सोसायटीत पेढे वाटले. कुत्र्याचं 13 वर्षांचं आयुष्य हीच मुळात लस, जंतनाशक आणि अँटिबायोटिकनं उभी केलेली, माणसानं बनवलेली गोष्ट आहे. तिचा शेवट तेवढा शुद्ध देशी, बिनरसायनाचा हवा, हा हट्ट कशासाठी?

आणि हे ‘नैसर्गिक’ मरण दिसतं कसं, तेही सांगतो, कारण त्याची शिफारस करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते शेजारी बसून पाहिलेलं असतं. म्हाताऱ्या कुत्र्यामांजरांत मूत्रपिंडं निकामी होणं फार सामान्य आहे. रक्ताच्या रिपोर्टात क्रिएटिनिन वाढलेलं दिसायला लागतं, तोवर मूत्रपिंडांचं साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं. प्राणी खूप पाणी पितो, खूप मुततो, तरी अंगातलं पाणी कमीच पडतं. जे लघवीवाटे बाहेर जायचं ते रक्तात साठत राहतं. त्यानं सतत मळमळतं. तोंडात, जिभेच्या कडेला व्रण होतात. श्वासाला अमोनियासारखा वास मारतो. तो भुकेनं वाडग्यापाशी येतो, वास घेतो, तोंड फिरवतो, ओठ चाटत उभा राहतो आणि परत जातो. मांडीचे स्नायू झिजतात, पाठीचा कणा हाताला लागतो. शेवटी काहींना झटके येतात, काही गुंगीत जातात. याला कधी दिवस लागतात, कधी आठवडे. ‘रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाही, किती छान मरण!’ असं आपण ऐकतो. असं खरंच कुणाला येतही असेल. पण ते सांगणाऱ्याला हेही विचारावं की मधल्या रात्री जागं कोण होतं.

‘गावाकडे असले लाड कुठे होते?’ हाही एक ठरलेला मुद्दा. नव्हते, कबूल. पण गावाकडे काय होतं ते तरी नीट आठवावं. थकलेल्या बैलाला ‘बाजार दाखवला’ जायचा. तो दावणीला बांधलेला असताना म्हातारपणानं मेला, असं क्वचित व्हायचं. व्यापारी न्यायचा, पुढचं सगळ्यांना माहीत असायचं आणि कुणी बोलायचं नाही. 2015च्या कायद्यानं महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हा भाकड जनावराचं करायचं काय हा प्रश्न शेतकऱ्यांपुढे उघडा पडला तो त्यामुळेच. म्हणजे शेवट कधी करायचा हा निर्णय आपल्या आजोबा-पणजोबांनाही चुकला नव्हता. त्यांनी तो दुसऱ्याच्या हातात देऊन तोंड फिरवायची सोय करून ठेवली होती. माझ्या पिढीला ती सोय नाही. कुत्रं पलंगाच्या पायथ्याशी आहे आणि डॉक्टर विचारतायत, ‘तुमचं काय ठरलं?’

इथे ‘त्याच्या मरणानं’वाल्यांचा एक शहरी, इंग्रजी वाचणारा भाऊ येतो. तो म्हणतो, ‘वेळ आली की तो स्वतः सांगेल. त्याच्या डोळ्यांत दिसेल.’ हे ऐकायला जास्त गोड आहे आणि म्हणून जास्त धोक्याचं. प्राण्याला दुखणं लपवायची सवय असते. मांजराला तर विशेष. ते स्वतः शिकार करणारं असलं तरी दुसऱ्याची शिकारही होऊ शकतं, त्यामुळे अशक्तपणा दाखवणं त्याला परवडत नाही. मांजर दुखत असतानाही गुरगुरतं. ती गुरगुर ऐकून ‘बघ किती खूश आहे’ म्हणणारे मी पाहिलेत. कुत्र्याचा सांधा कामातून गेला असेल तरी तुम्ही दारात आलात की शेपूट हलते. शेपटी हलण्याचा अर्थ तुम्ही आल्याचा आनंद, एवढाच. कंबर दुखत नाही असा त्याचा अर्थ होत नाही. तुमची आजी गुडघे धरून का होईना, पण नातू आला की उठते ना, तसंच.

डोळ्यांत बघून कळत नाही, म्हणूनच ज्यांना हे काम करावं लागतं त्यांनी बघायच्या गोष्टी ठरवून ठेवल्या आहेत. माँट्रियल विद्यापीठातल्या लोकांनी 2019मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची एक पट्टी प्रसिद्ध केली. पाच जागा पाहायच्या: कान किती बाहेर वळलेत, डोळे किती मिटलेत, तोंडाभोवतीचा भाग किती ताणलाय, मिशा कशा आहेत, डोकं खांद्याच्या रेषेच्या वर आहे की खाली. प्रत्येकाला 0, 1 किंवा 2. बस, इतकंच. यात कसलीही दिव्यदृष्टी लागत नाही, समोर बसायची तयारी लागते. कुत्र्यात बघायचं ते असं: रात्री धापा टाकणं, उगाच फेऱ्या मारणं, एका कुशीवर झोपता न येणं, ज्या जागी हात लावलेला आवडायचा तिथून अंग चोरणं, घरातल्या नेहमीच्या कोपऱ्याऐवजी बाथरूममध्ये जाऊन बसणं. ‘अजून जेवतोय ना?’ या एकाच प्रश्नावर अख्खं घर लटकलेलं असतं, ते चूक आहे. भूक वाढवायच्या गोळ्या असतात, उलटी थांबवायची इंजेक्शनं असतात. त्या द्याव्यात, त्यानं बरं वाटतं. पण गोळीनं आणलेली भूक मोजताना ती गोळीची आहे हे लक्षात ठेवावं.

अमेरिकेतल्या प्राण्यांच्या कॅन्सरतज्ज्ञ अ‍ॅलिस विलालोबोस यांनी 2004मध्ये एक तक्ता तयार केला, तो आता जगभर वापरतात. वेदना, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टी. प्रत्येकीला 0 ते 10 गुण. बेरीज 35च्या वर असेल तर सांभाळत राहणं योग्य, असा ढोबळ अंदाज. मी इंजिनिअर आहे, तेव्हा असा तक्ता मला आवडणार हे उघड आहे, आणि त्याची थट्टाही मीच आधी करतो: प्रेमाची एक्सेल शीट. पण त्या आकड्याचं काम उत्तर देणं हे नाहीच. आज 34 आले म्हणून उद्या सकाळी दवाखाना, असं कुणी करत नाही. त्याचं काम तुम्हाला रोज बघायला लावणं हे आहे. रोज थोडं थोडं बिघडत जाणारं माणसाला दिसत नाही. उकळत्या पाण्यातल्या बेडकाची ती गोष्ट खोटी आहे, बेडूक वेळेत उडी मारतो. बसून राहतो तो माणूस. तीन महिन्यांपूर्वीचा मोबाईलमधला व्हिडिओ काढून आजच्या कुत्र्याशेजारी लावून पाहावा, मग कळतं आपण कशाला ‘तसा ठीक आहे’ म्हणत होतो.

आमच्याकडे हे काम माझ्या शीटनं केलंच नाही. आईनं केलं, कालनिर्णयवर. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दूध, गॅस, कामवाल्या मावशींचे खाडे यांच्या खुणा असतातच. तिनं बंड्यासाठी एक खूण वाढवली: चांगला दिवस असेल तर हिरवा ठिपका, वाईट असेल तर लाल. ‘चांगला’ म्हणजे काय हे आम्ही आधी ठरवलं होतं, तो बऱ्यापैकी असतानाच. जिन्यापर्यंत स्वतः चालत जाणं, आई भाजी चिरत असताना गाजराच्या तुकड्यासाठी येणं आणि रात्री दोन तास तरी सलग झोपणं. तीनपैकी दोन झालं तर हिरवा. आमच्या धंद्यात सर्व्हरचा अलार्म किती आकड्याला वाजवायचा हे कधी रात्री 3 वाजता ठरवत नाहीत. ते दिवसा, डोकं थंड असताना ठरवून लिहून ठेवतात, कारण रात्री 3 वाजता माणूस स्वतःला काहीही पटवू शकतो. इथेही तसंच. मरणाच्या दारातल्या कुत्र्याशेजारी बसून रेषा कुठे मारायची ते ठरवायला गेलात तर रेषा रोज एक बोट पुढे सरकते.

त्याला रोज कातडीखाली रिंगर लॅक्टेट द्यावं लागायचं. बाटली पडद्याच्या दांड्याला टांगायची, खांद्यामागची कातडी चिमटीत धरून सुई घालायची. पाणी आत गेलं की पाठीवर उंटासारखी मदार यायची आणि ती हळूहळू ओघळून एका पायात उतरायची. सुरुवातीला त्यानं फरक पडायचा, संध्याकाळी तरतरीत दिसायचा. नंतर नंतर पडेनासा झाला. ऑक्टोबरच्या पानावर हिरवे जास्त होते, नोव्हेंबरच्या पानावर दोन्ही सारखे, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका ओळीत पाच लाल. आई म्हणाली, ‘अरे, हे पान आता बघवत नाही.’ मी म्हटलं, ‘शनिवारी डॉक्टरांना घरी बोलावूया.’ ती म्हणाली, ‘शनिवार कशाला? शनिवारपर्यंत त्यानं काय आपल्या सुट्टीसाठी थांबायचं?’ गुरुवारी बोलावलं.

नंतर आत्या म्हणाली, ‘अजून आठ-दहा दिवस काढले असते रे त्यानं.’ काढले असते. इथेच माझं आणि तिचं, आणि असं म्हणणाऱ्या सगळ्यांचं खरं भांडण आहे. आपण दोन प्रकारे चुकू शकतो: लवकर किंवा उशिरा. ‘त्याच्या मरणानं’वाले हे दोन्ही प्रकार एका तराजूत तोलतात, किंबहुना लवकरचं पारडं जड मानतात. मला ते उलटं वाटतं. आठ दिवस लवकर केलं तर कुत्र्याचं काय जातं? आठ मध्यम किंवा वाईट दिवस. त्याला नातवाची मुंज बघायची नसते. त्याचं मृत्युपत्र राहिलेलं नसतं, कुणाशी समेट करायचा नसतो, ‘पुढच्या दिवाळीला’ हा विचार त्याच्या डोक्यात नसतो. त्याच्याजवळ असतो तो आत्ताचा क्षण, आणि तो दुखणारा आहे की नाही, एवढाच त्याचा हिशोब. आठ दिवस उशीर झाला तर मात्र जे जातं ते सगळं त्याच्याच अंगावरून जातं. शिवाय उशिराचा शेवट कधी सकाळी 11 वाजता, ओळखीच्या डॉक्टरांसमोर येत नाही. तो रात्री 2 वाजता येतो, दवाखाने बंद असताना, झटके येत असताना, कुठल्या तरी लांबच्या चोवीस तासवाल्या ठिकाणी अनोळखी टेबलावर. माणूस वेदना सोसतो तेव्हा त्याला निदान सांगता येतं की हे कशासाठी, किती दिवस. केमो कशासाठी हे पेशंटला कळतं. कुत्र्याला सुई फक्त टोचते.

‘मग माणसांनाही असंच मारायचं का?’ हा प्रश्न वादात तलवारीसारखा काढला जातो, म्हणून त्याचं उत्तर. नाही, आणि कारण वर आलंच आहे. माणसाबाबत सगळा वाद त्याच्या इच्छेचा असतो. केईएममध्ये 42 वर्षं पडून असलेल्या अरुणा शानबाग यांच्या खटल्यात 2011मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे गुंता होता तो हाच की त्यांच्या वतीनं बोलायचं कुणी. 2018मध्ये न्यायालयानं माणसाला आधीच लिहून ठेवायची मुभा दिली, तीही उपचार थांबवण्यापुरती. इंजेक्शन देऊन आयुष्य संपवणं आपल्याकडे माणसाच्या बाबतीत आजही बेकायदा आहे. कुत्र्याला लिहून ठेवता येत नाही. त्याची इच्छा पुढेही कधी कळणार नाही. तेव्हा त्याच्या वतीनं बोलणारा माणूस कायमचा तुम्हीच, आणि गप्प बसलात तरी ते बोलणंच ठरतं.

धर्माचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण आपल्याकडे तो थट्टेवारी न्यावा इतका हलका नाही. कंपनी सरकारनं मुंबईत भटकी कुत्री मारायला काढली म्हणून 1832मध्ये इथे दंगल झाली, पारशी लोक रस्त्यावर उतरले. त्यातून पुढे 1834मध्ये भुलेश्वरजवळ पांजरापोळ उभी राहिली. माणसाच्या उपयोगाचं न राहिलेलं जनावर मरेपर्यंत सांभाळायचं, ही कल्पना मला आजही मोठी वाटते. ती निर्दयतेच्या विरोधात जन्मली, बरं व्हायची आशा नसलेल्या वेदनेच्या बाजूनं नव्हे. हा फरक ज्यानं सगळ्यांत स्पष्ट केला तो माणूस अहिंसेचा व्यापारी नव्हता, वारकरीच म्हणा हवं तर. 1928मध्ये साबरमती आश्रमातलं एक वासरू असाध्य दुखण्यानं तळमळत होतं. गांधींनी विचारविनिमय करून, स्वतःसमोर डॉक्टरकडून इंजेक्शन देववून त्याला संपवलं आणि तसं ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’मध्ये छापून सांगितलं. संतापलेल्या पत्रांचा ढीग आला. त्यांनी माघार घेतली नाही. त्यांचं म्हणणं असं की हिंसा ठरते ती हेतूवरून, आणि मारणं दर वेळी हिंसाच असेल असं नाही. गांधींचं सगळंच मला पटतं असं नाही, पण ज्यांच्या तोंडी उठसूट अहिंसा असते त्यांनी हे प्रकरण एकदा वाचावं.

आणि ती धर्मराजाची गोष्ट. कुत्र्याला सोडून स्वर्गात येणार नाही म्हणाला, म्हणून आपणही शेवटपर्यंत सोडायचं नाही! मला त्या गोष्टीत उलट दिसतं. धर्मराजानं स्वतःची सोय बाजूला ठेवली. आपण कुत्र्याला आणखी पंधरा दिवस ओढतो ते बहुतेक वेळा त्याच्याविना घर कसं असेल हे बघायची हिंमत होत नाही म्हणून. स्वर्ग आपण आपल्यासाठी लांबवतो, भाडं तो भरतो.

आता पैसा. याविषयी सभ्य घरात बोलत नाहीत, म्हणून मी बोलतो. पुण्या-मुंबईत आता कुत्र्यांना डायलिसिस मिळतं, आयसीयू मिळतो, ऑक्सिजनची पेटी भाड्यानं मिळते. ज्याला परवडतं आणि ज्याच्या प्राण्याला त्यातून खरंच बरं व्हायची आशा आहे त्यानं करावं. पण रिक्षा चालवणाऱ्या माणसानं किंवा पेन्शनवर जगणाऱ्या बाईनं ‘आता खर्च झेपत नाही’ म्हटलं की तिच्याकडे खुन्यासारखं बघायचं, हा उद्योग बंद झाला पाहिजे. ‘पैशाकडे बघू नका’ हे वाक्य आजवर मी बिल भरणाऱ्याच्या तोंडून ऐकलेलं नाही. थकव्याचंही तेच. रात्री चारदा उठून चादरी बदलणारी बहुतेक घरांत एक बाई असते, आणि सल्ला देणारा बहुतेक वेळा पुरुष असतो. तिचं थकणं हा निर्णयातला एक खरा मुद्दा आहे. एकमेव नव्हे, पण खरा.

याच्या पलीकडच्या टोकाला जे उभे आहेत त्यांना माझ्या लेखाचा आधार मिळू नये, म्हणून हेही. बदली झाली, नवीन फ्लॅटचा मालक नको म्हणतो, बाळ होणार आहे, लॅब्रेडॉर म्हातारा झाला आणि आता त्याच्याबरोबर फोटो चांगले येत नाहीत, म्हणून ‘डॉक्टर, तेवढं इंजेक्शन देऊन टाका’ म्हणणारे लोक असतात. त्यांना नकार देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला माझा नमस्कार. मोतीबिंदू हा शेवट नाही. मागचे पाय अधू होणं हाही दरवेळी शेवट नाही. चाकांच्या गाडीवर मजेत फिरणारी कुत्री आहेत. आणि सिंहगड रस्त्यावर गाडीचं दार उघडून म्हातारं कुत्रं सोडून जाणाऱ्यांना हे माहीत असावं की 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावर उपाशी तडफडेल अशा अवस्थेत वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे. गंमत अशी की अशी मंडळी विचारलं तर सांगतात, ‘मारायचं जिवावर आलं हो.’

डॉक्टरांशीही थोडं भांडण आहे. काहींना हे करणं पटत नाही, श्रद्धेमुळे म्हणा किंवा मनामुळे. त्यांच्यावर सक्ती नको, पण हे त्यांनी प्राणी 10 वर्षांचा होतो तेव्हाच सांगावं. शेवटच्या दिवशी ‘घरी न्या, सेवा करा, देव बघतो’ म्हणून परत पाठवणं हे वैद्यकाचं काम नव्हे. आमच्या ओळखीतल्या एका घराला तीन दवाखान्यांनी असं परत पाठवलं आणि चौथ्याच्या वाटेवर रिक्षातच मांजर गेलं, तोंडानं श्वास घेत. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठीच्या सरकारी नियमांत असाध्य आजारी किंवा प्राणांतिक जखमी कुत्र्याला वेदनारहित मरण द्यावं, आणि तेही दुसऱ्या कुत्र्यासमोर देऊ नये, इतकं तपशिलात लिहिलेलं आहे. घरच्या कुत्र्यासाठी मात्र सगळा कारभार कानगोष्टींवर.

तशात शब्दांची पंचाईत. ‘मारलंत?’ असं आत्यानं विचारलं. ‘झोपवलं’ हे इंग्रजीतून आलंय आणि लहान मुलांसमोर ते वापरू नये, रात्री झोपायला घाबरतात. ‘दयामरण’ कोर्टातलं वाटतं. आई साधं सांगते, ‘आम्ही त्याला इंजेक्शन दिलं.’ हे मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतं, कारण त्यात कर्ता आहे.

लशींची वेळापत्रकं, खाद्याची पत्रकं, गोचिडांच्या औषधाच्या जाहिराती, सगळं प्रत्येक दवाखान्याच्या काउंटरवर मराठीत छापलेलं मिळतं. शेवटच्या महिन्याचं पत्रक मिळत नाही. ते एका पानाचं पुरे. त्यात लिहावं की आधी स्नायूत गुंगीचं इंजेक्शन देतात, प्राणी पाच-दहा मिनिटांत सैल पडतो, मग पुढच्या पायाच्या शिरेत सुई बसवून भुलीच्या औषधाचा फार मोठा डोस देतात. त्यानं काही सेकंदांत शुद्ध जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. कुठलं औषध वापरतात ते दवाखान्यागणिक बदलेल, क्रम बदलता कामा नये. जागं असलेल्या प्राण्याला नुसतं पोटॅशियम किंवा मॅग्नेशियमचं इंजेक्शन देणं ही क्रूरता आहे, तेव्हा ‘आधी पूर्ण बेशुद्ध करणार ना?’ हे मालकानं विचारावं आणि विचारायला लाजू नये. डोळे उघडेच राहतात, हातानं मिटले तरी पुन्हा उघडतात. एक-दोन आचके नंतरही येऊ शकतात, ते त्याला जाणवत नाहीत. लघवी होते, म्हणून खाली जुनी चादर घालावी. घरातल्यांनी खोलीत थांबावं, कारण बाहेर गेलात तर शुद्ध असेपर्यंत तो दाराकडे बघत राहतो. पैसे आधीच द्यावेत, नंतर पाकीट उघडायचं सुचत नाही. देह कुठे न्यायचा त्याचा फोन नंबर आदल्या दिवशी लिहून ठेवावा. घरात दुसरं कुत्रं असेल तर सगळं झाल्यावर त्याला आत आणून वास घेऊ द्यावा आणि बाहेर जायची घाई करू नये, त्याला हवा तितका वेळ द्यावा.